विभूतेकाकांचा हात

"लिही. सरकार तरले," नाना म्हणाले.

मी स्टुलावर उभी होते. एका हातात साखरपाण्यात भिजवलेला खडू, दुसऱ्या हातानं फळ्याची चौकट धरलेली. खाली माझी तेजू स्टुलाचा पाय चाखत बसली होती. सात महिन्यांची होती ती. जगातली प्रत्येक वस्तू आधी तोंडात घालायची आणि मगच तिच्याबद्दल मत बनवायची.

"पण नाना, दिल्लीत विश्वासठरावावर मतदान अजून व्हायचंय."

"व्हायचंय ना? म्हणजे होणारच की."

"निकाल काय लागतोय ते तरी—"

"कुंदा, मी पस्तीस वर्षं एसटीत कंट्रोलर होतो. गाडी स्टँडात शिरल्यावर पाटी लावली तर माणसं चढणार कधी? गाडी अलीकडच्या गावातनं सुटली की आपण इथं पाटी लावून मोकळं व्हायचं. मागनं गाडी येतीच."

"आणि नाही आली तर?"

"जी येत नाही ती रद्द झालेली असती. त्यात कंट्रोलरचा काय दोष?"

हिंदुराव नाना आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष होते. त्यांना सरकार प्रिय होतं अशातला भाग नाही. त्यांना खात्री प्रिय होती. कशाचीही खात्री एकदा झाली की ती फळ्यावर चढेपर्यंत त्यांना जेवण जात नसे.

हा फळा म्हणजे आंबेघरच्या सार्वजनिक वाचनालयाचा वार्ताफलक. दार उघडायच्या आधी आकाशवाणीच्या सातच्या बातम्या ऐकायच्या, आलेली वर्तमानपत्रं चाळायची आणि पाच-सहा ओळींत देशाची हालहवाल मांडायची, हे माझं काम. बाजाराला निघालेली माणसं सायकलवरून एक पाय टेकवून ती वाचत आणि पुढं जात. रोजच्या बातम्या कोरड्या खडूनं लिहायच्या. मोठी बातमी असली की मात्र साखरपाण्यात रात्रभर भिजवलेला खडू. वाळला की अक्षर असं पांढरंशुभ्र उठून दिसायचं की चौकाच्या पलीकडून वाचता यावं. दोष एवढाच की ते पुसायला काथ्या, पाणी आणि अर्धा तास लागायचा. म्हणून वर्षातून दोनदाच काढायचा तो, पंधरा ऑगस्टला आणि दहावीच्या निकालाला.

पण ते वर्ष एकोणीसशे नव्याण्णव होतं. आधी दिल्लीतलं सरकार, मग कारगिल, मग सप्टेंबरात लोकसभा आणि विधानसभा एकदमच, आणि वर्ष संपता संपता पळवलेलं विमान. त्या एका वर्षात मी जेवढं साखरपाणी केलं तेवढं घरी पाहुण्यांनाही केलं नसेल. सुरुवात झाली ती सतरा एप्रिलच्या ह्या शनिवारी.

मी लिहिलं. ‘सरकार तरले.’ र चांगला वळणदार आला.

"आता खाली लिही," नाना मान तिरकी करून म्हणाले. "वाचनालयाच्या लेखनिकपदी सौ. कुंदा झांबरे कायम."

माझा हात तिथंच थांबला.

"नाना, ती सभा तर संध्याकाळी सहाला आहे."

"मग? सात सभासद. मी, माझ्याकडचे दोघं, आणि विभूते. चार. तिकडं बशीर आणि कदम बंधू. तीन. ही गाडी तर आपल्याच डेपोतनं सुटणार आहे. लिही."

खरं सांगते, ती ओळ मी नको नको म्हणत लिहिली, पण सगळ्यात सुंदर अक्षर त्याच ओळीचं आलं.

कारण माझं सगळं त्या ओळीवर टांगलेलं होतं. दोन वर्षं मी तात्पुरती होते. आमचे हे कुरकुंभच्या कारखान्यात, शनिवारी रात्री येणार, सोमवारी पहाटे जाणार. तेजू झाल्यापासून त्यांचं एकच म्हणणं होतं, अशा अधांतरी नोकरीपायी दोन बिऱ्हाडं कशाला? थोरल्या जाऊबाई इचलकरंजीला होत्या. त्यांच्या माडीवरची खोली रिकामी, दीर पॉवरलूमवर, ते ह्यांनाही तिथं चिकटवणार, मला सुताच्या कांड्या भरायचं काम मिळणार, सगळं ठरलेलं. "सतरा तारखेला कायम झालीस तर राहू इथं," हे म्हणाले होते. "नाहीतर एक मेला टेम्पो सांगतो."

कांड्या भरण्यात कमीपणा होता असं नाही. पण वाचनालय दुपारी बारा ते तीन बंद असायचं. तेजू झोपायची, आणि त्या तीन तासांत चार कपाटं पुस्तकं आणि मी, एवढेच काय ते जागे असायचो. हे मी कुणाला सांगणार? ह्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, चार पुस्तकं बांधून घे बरोबर.

*

दुपारी दिल्लीचा निकाल लागला. सरकार पडलं. बाजूनं दोनशे एकोणसत्तर, विरुद्ध दोनशे सत्तर.

मला कळलं ते समोरून. आमच्या दारासमोर बशीरभाई तांबोळींचं पानाचं आणि कोल्ड्रिंकचं दुकान होतं. येणाऱ्या वर्ल्ड कपसाठी त्यांनी आधीच रंगीत टीव्ही घेऊन ठेवलेला, आणि दोन दिवस अख्खं गाव तिथं उभं राहून संसद बघत होतं. एकदम गलका झाला. मग शांतता. मग सगळ्या गावाच्या माना हळूहळू वळल्या त्या टीव्हीकडून आमच्या फळ्याकडे.

बशीरभाई रस्ता ओलांडून आले. हाताला कात लागलेला. फळ्यासमोर उभे राहून त्यांनी ‘सरकार तरले’ हे मोठ्यानं वाचलं. मग खिशातून चष्मा काढून लावला आणि पुन्हा वाचलं.

"अगं कुंदा," ते म्हणाले, "आमच्या टीव्हीत काही बिघाड आहे का बघ बाई. त्यात उलटं दिसतंय."

मागं पन्नास माणसं हसली.

मी काथ्या घेऊन फळ्याला भिडले. पण सकाळपासूनच्या उन्हानं साखर घट्ट बसली होती. त्यातून मुंग्या लागलेल्या. ‘सरकार’च्या प्रत्येक अक्षरावरून मुंग्यांची रांग चाललेली, आणि लोक मला पुसू देईनात.

"राहू दे की ताई! मुंग्या तरी सरकारच्या बाजूनं आहेत!"

"नाना कुठायत? नानांना बोलवा, म्हणावं गाडी फलाटाला लागली, पण दुसरीच!"

नाना निकाल कळताच घरी जाऊन झोपले होते. निरोप पाठवला तर ताप आहे म्हणून सांगितलं. शेवटी मी सभागृहातली मोठी सतरंजी ओढत आणली आणि फळ्यावर टाकली. खालची ओळही झाकली गेली. ते बरंच झालं. ती वाचून कुणी अजून हसलं नव्हतं, पण हसायला फार वेळ लागला नसता.

*

सभा सहाला सुरू झाली. नानांचा ताप उतरला होता.

सतरंजी फळ्यावर असल्यामुळं सभासदांना बसायला मी जुनी वर्तमानपत्रं अंथरली. बशीरभाई बसता बसता थांबले, खाली वाकले, आणि म्हणाले, "अरे वा. तेरा महिन्यांपूर्वीच्या शपथविधीवर बसवलंस मला." मग नीट ऐसपैस बसले.

दोन दिवस संसद बघून सगळ्यांच्या अंगात काहीतरी शिरलं होतं. एरवी आमच्या सभा म्हणजे, "काय, चहा सांगितला का? मग मंजूर." त्या दिवशी मात्र थोरल्या कदमांनी उभं राहून सुरुवात केली, "अध्यक्ष महोदय, माझ्या भावनांचा सभागृहानं विचार करावा." कसल्या भावना ते त्यांनी सांगितलं नाही. धाकटे कदम मध्येच उठून दारापर्यंत गेले, तिथं उभं राहून म्हणाले, "मी सभात्याग करतोय," आणि चहा आलेला बघून परत आले.

सगळ्यात जास्त बदल झाला होता तो विभूतेकाकांचा. म्हणजे त्यांचा स्वतःचा नव्हे, त्यांच्याकडं बघणाऱ्यांचा. विभूतेकाका निवृत्त तलाठी. सत्तरी ओलांडलेले, अंगानं चिपाड. सभेला येत, भिंतीला टेकत, आणि ठराव मंजूर झाला की जागे होत. अकरा वर्षांत त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं. नाना त्यांना आपल्यात धरून चालत, एवढंच. पण दिल्लीत एका मतानं सरकार पडलं आणि आंबेघरमधल्या माणसांना एकदम कळलं, की अरे, एक मत आपल्याकडंही आहे की! भिंतीला टेकलेलं!

कदम बंधूंनी त्यांच्यासाठी भजी मागवली. नानांच्या दोघांनी लस्सी. काकांनी दोन्हीचा स्वीकार केला, कुणालाच काही आश्वासन दिलं नाही, आणि आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसले.

ती जागा तेजूच्या झोळीखाली होती. सभागृहाच्या कोपऱ्यातल्या कडीला मी माझ्या जुन्या लुगड्याची झोळी बांधायची. कुत्रं-मांजर शिवू नये म्हणून उंच. तिची दोरी आखूड पडायची, खाली बसलेल्याला हात डोक्याच्या वर न्यावा लागायचा. पण काका ती दोरी हातात घेऊनच बसत. म्हणत, "मला पण झोप लागती त्यानं."

नानांनी घसा साफ केला. "विषय एक. लेखनिकपद. सौ. कुंदा झांबरे यांना कायम करण्याचा ठराव मी—"

"हरकत आहे," बशीरभाई म्हणाले.

"ठराव तर पुरा होऊ दे!"

"तुम्ही निकाल आधी लावता, मी हरकत आधी घेतो." बशीरभाई माझ्याकडं वळले. आवाज मऊ होता, पण शब्द तसे नव्हते. "कुंदा, तू आमच्या मुलीसारखी. पण आज पन्नास गावं वाचतात त्या फळ्यावर धडधडीत खोटं लिहिलं गेलं. आता सांग, खोटी बातमी लिहिणाऱ्याला कायम कसं करायचं? तात्पुरतं खोटं आणि कायमचं खोटं ह्यात फरक आहे का नाही?"

मी नानांकडं बघितलं.

नाना पंख्याकडं बघत होते. पंखा बंद होता.

"बोल की," बशीरभाई म्हणाले. "तुझ्या मनानं लिहिलंस का कुणी सांगितलं?"

आता काय बोलायचं? नानांनी सांगितलं म्हणावं, तर सगळ्या सभेसमोर नानांची अब्रू जाणार, आणि त्यांचं मत गेलं तर ठराव गेलाच. मनानं लिहिलं म्हणावं, तर मी खोटारडी, आणि मग ठराव कशाला हवा? इतिवृत्ताची वही माझ्या मांडीवर होती. मी त्यातल्या रेघेकडं बघत राहिले.

"अक्षर माझं आहे," मी म्हणाले.

"ते आंधळ्यालाही कळतंय. मी अक्षराचं विचारत नाही."

"मला तेवढंच सांगता येतंय भाई."

बशीरभाईंनी माझ्याकडं बघितलं, मग नानांकडं. बराच वेळ बघितलं. नाना पंख्यावरून कोळिष्टकावर गेले होते. मला तेव्हा वाटलं, हा माणूस माझ्या मुळावर उठलाय. सकाळी मी स्टुलावर उभी असताना नाना घसा फोडून सांगत होते ते समोरच्या दुकानात ऐकू गेलं नसेल, हे शक्यच नव्हतं. सगळं माहीत असून मला उघडं पाडतोय. दुपारभर बशीरभाईंनी दुकानात सांगितलं होतं, संध्याकाळी नानांचा ठराव पाडतो, नाहीतर पानाला चुना लावायचं सोडतो.

"ठीक," बशीरभाई म्हणाले. "मग मतदान घ्या."

"हात वर करून," नाना म्हणाले. "ठरावाच्या बाजूनं कोण?"

नानांनी हात वर केला. त्यांच्या दोघांनी केला.

"विरुद्ध?"

बशीरभाई. थोरले कदम. धाकटे कदम.

मोजायचं काम लेखनिकाचं, म्हणजे माझंच. आपल्याच नशिबाचे हात मोजायचं काम कुणाला लागू नये. तीन आणि तीन. मी कोपऱ्याकडं बघितलं.

विभूतेकाकांचे डोळे मिटलेले होते. डोकं भिंतीला. आणि उजवा हात दोरी धरून डोक्याच्या वर.

"चार!" नानांचा एक माणूस ओरडला. "काकांचा हात वर आहे!"

"तो झोळीचा हात आहे!" धाकटे कदम उसळले.

"हात तो हात! वाचनालयाच्या घटनेत लिहिलंय, हात वर करून. कशासाठी वर ते लिहिलेलं नाही!"

"मग मघाशी विरुद्ध मोजताना पण वरच होता! तेव्हा का नाही मोजलात?"

हा मुद्दा बिनतोड होता. नाना पुढं वाकले.

"काका, तुम्ही मत दिलंय का?"

काकांनी डोळे उघडले नाहीत. "हळू बोला," ते म्हणाले. "पोर उठंल."

"अहो पण मत?"

"हात वर हाय न्हवं?"

"तो झोळीसाठी आहे का ठरावासाठी?"

"एका हातानं माणूस दोन कामं करतोय, आणि तुम्हाला त्याचं कौतुक न्हाई."

"हात खाली घ्या आणि परत वर करा," थोरले कदम म्हणाले. "म्हणजे शंकाच नको."

"खाली घेतला तर झोळी थांबंल. झोळी थांबली तर पोर उठंल. पोर उठलं तर तुम्ही गप करणार का?"

थोरल्या कदमांना पाच मुलं होती. धाकट्यांचं लग्न व्हायचं होतं.

"मी धरतो दोरी!" ते उठले. "द्या इकडं. मग बघूच काकांचा हात वर राहतो का खाली येतो." आणि ते ताडताड झोळीकडं निघाले.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

झोळी रिकामी होती.

चहाच्या वेळी तेजू जागी झाली होती. भाभी, म्हणजे बशीरभाईंची बायको जुबेदा, कपबशा न्यायला आली, तिनं तेजूला झोळीतून उचललं आणि काखेला मारून समोर दुकानात नेलं. तेव्हा काका भजी खात होते. नंतर आपल्या जागी येऊन बसले, दोरी हातात घेतली आणि हलवू लागले. मला वाटलं, सवयीनं. मतांच्या गडबडीत माझ्या डोक्यातूनही ते गेलं. आणि धाकटे कदम निघाले तेव्हा खिडकीतून मला समोरचं दुकान लख्ख दिसलं. गल्ल्यावर भाभी, आणि तिच्या मांडीवर माझी मुलगी, सोड्याच्या बाटलीचं बूच चघळत, मजेत.

मी बोलायला हवं होतं. लेखनिक होते मी. पण तोंडातून आवाज फुटला नाही, आणि तो का फुटला नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. कदम झोळीपासून दोन पावलांवर होते.

"ए कदम! बस खाली!"

आवाज बशीरभाईंचा होता.

"अहो भाई, मी आपल्या बाजूनंच—"

"बाजू गेली खड्ड्यात. निजलेल्या लेकराला उठवतोस? माणूस आहेस का कोण?"

बशीरभाई खिडकीसमोर बसले होते. तोंड रस्त्याकडं. त्यांना त्यांचं दुकान दिसत होतं, त्यांची बायको दिसत होती, आणि तिच्या मांडीवर कोण आहे तेही. माझ्याइतकंच लख्ख.

धाकटे कदम जागच्या जागी थांबले. आणि नेमकं तेव्हा तेजूच्या हातातलं बूच पडलं असावं.

रस्त्यापलीकडून भोकाड ऐकू आलं. सात महिन्यांच्या पोराचं भोकाड. ते दुसऱ्या कशासारखंच नसतं, आणि तेजूचा आवाज तर अख्ख्या आळीच्या ओळखीचा.

सभागृहात कुणी हललं नाही. फक्त झोळी हलत होती. मागं, पुढं.

"हे... हे कोण रडतंय?" धाकटे कदम म्हणाले.

"टीव्ही," बशीरभाई म्हणाले. "दिल्ली चालू आहे अजून."

भोकाड वाढलं.

"सरकार पडल्यावर रडणारच की माणसं," थोरले कदम जमिनीकडं बघत म्हणाले आणि धाकट्याचा सदरा धरून त्यांनी त्याला खाली बसवलं. नानांचे दोघं जण खोकू लागले. एकाला आवरेना, तो उपरण्यात तोंड घालून खांदे हलवत बसला. मी नानांकडं बघितलं. नाना आता पंख्याकडं बघत नव्हते. ते त्या रिकाम्या, हलणाऱ्या लुगड्याकडं बघत होते, मग बशीरभाईंकडं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच असं काही पाहिलं की ज्याची त्यांना आधीपासून खात्री नव्हती.

"ठराव," ते म्हणाले. "ठराव चार विरुद्ध तीन मतांनी मंजूर. विरोधकांची हरकत नोंदवली आहे."

"ठळक नोंदव," बशीरभाई मला म्हणाले. "मी विरोधात मत दिलंय. उद्या दुकानात लोक विचारतील. मला चुन्याचं काम सोडता येणार नाही."

मी लिहू लागले.

"आणि कुंदा," नाना म्हणाले. "खाली आणखी एक ओळ घे. आजच्या फलकावरचा मजकूर अध्यक्षांनी स्वतः सांगून लिहवून घेतला. चूक अध्यक्षांची. लेखनिकाची नाही."

बशीरभाईंनी गुडघ्यावर हात ठेवून उठता उठता मोठा सुस्कारा सोडला. "एवढं बोलायला तुम्हाला दिल्लीपेक्षा जास्त वेळ लागला हिंदुराव! सहा वाजल्यापासून मी दुसरं काय मागत होतो?"

"मग तसं सरळ विचारायचं!"

"सरळ विचारलं असतं तर तुम्ही कोळिष्टकात शिरला असता. तिथंच होता की!"

दोघं भांडत भांडतच पायऱ्या उतरले. कदम बंधू आणि नानांचे दोघं उरलेल्या भज्यांचा पुडा घेऊन त्यांच्या मागं गेले. रस्त्यात सगळे मिळून काहीतरी मोठ्यानं हसल्याचं ऐकू आलं.

सभागृहात मी आणि विभूतेकाका उरलो. त्यांनी दोरी सोडली, आणि डाव्या हातानं उजवा हात धरून हळूच खाली आणला, एखादी जड वस्तू फळीवरून उतरवावी तसा.

"दुखतोय का काका?"

"पाऊण तास वर हुता. दुखंल न्हाई तर काय गाणं म्हणंल?"

मी पुढं होऊन त्यांचा खांदा चोळू लागले. हाडंच लागत होती हाताला. मग मी म्हणाले, "काका, झोळी रिकामी होती."

"मला काय डोळे न्हाईत?"

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"भाभी पोरीला घेऊन गेली तवा मी भजी खात हुतो. भजी तोंडानं खातो बाई मी, डोळ्यानं न्हाई." त्यांनी बोटांची उघडझाप करून बघितली. "तीस वर्सं तलाठी हुतो. पीकपाहणीला पडीक रानात उभा ऊस दाखवलाय. झोळीत एक पोर दाखवायला काय जड जातंय?"

मला हसू आलं, आणि त्याच्याबरोबर बाकीचंही सगळं आलं. पदरानं तोंड पुसलं तरी थांबेना. काका दुसरीकडं बघत राहिले. अशा वेळी कुठं बघावं हे त्यांना नानांपेक्षा चांगलं कळत होतं.

"पण नुसता हात वर करायचा होता काका. मोकळा. एवढं कशाला?"

"मोकळा केला असता तर नानाचं लस्सीवालं मत झालं असतं. न्हाई केला तर कदमाचं भज्यावालं. अकरा वर्सांत पहिल्यांदा माझं मत मोजलं लोकांनी. ते दुसऱ्या कुणाच्या नावावर चढवू काय?"

रस्त्यापलीकडून भाभीची हाक आली, "कुंदा, ने गं तुझ्या लेकीला, भूक लागली तिला!" काका भिंतीला धरून उठले, चपला शोधू लागले. मी वही उघडली. मतदानाच्या नोंदीत त्यांच्या नावापुढची जागा अजून कोरीच होती.

"काका, इथं काय लिहू?"

"काय दिसलं तुला?"

"हात वर दिसला."

"मग तेवढंच लिही," ते म्हणाले. "आणि जा आधी. पोर खरंच रडतंय."